तारांकित व्यंजने

भाषाशास्त्राच्या ग्रंथांत काही शब्दांच्या आधी एक लहानशी तारका छापलेली असते. तिचा अर्थ इतकाच, की हा शब्द कोणत्याही शिलालेखात, पोथीत अथवा बोलीत आढळलेला नाही. आढळलेल्या शब्दांच्या तुलनेवरून तो मागाहून सिद्ध केलेला आहे. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने १८६१-६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या तौलनिक व्याकरणात ही खूण पद्धतशीरपणे वापरली आणि पुढे ती रूढ झाली. संस्कृत, अवेस्ती, ग्रीक, लॅटिन, गॉथिक, लिथुएनियन, आर्मेनियन या भाषांच्या मागे जी एक सामाईक भाषा मानली जाते, त्या आद्य भारत-युरोपीय भाषेचा प्रत्येक शब्द तारांकित आहे. श्लायखरचा आपल्या पद्धतीवर इतका भरवसा होता, की १८६८ मध्ये त्याने या भाषेत एक छोटी बोधकथाच रचली. अंगावर लोकर नसलेली मेंढी आणि ओझी वाहणारे घोडे यांचा तो संवाद आहे. कथेचे शीर्षक होते ‘अविस् अक्वासस् क’, म्हणजे ‘मेंढी आणि घोडे’. संस्कृत जाणणाऱ्याला यातले ‘अवि’, ‘अश्व’ आणि ‘च’ सहज ओळखू येतात. ही ओळख जरा जास्तच सहज पटते, अशी शंका पुढच्या पिढीतल्या विद्वानांना आली आणि ती रास्त ठरली. या शीर्षकातील तीन शब्दांपैकी एकही आज श्लायखरने लिहिला तसा लिहिला जात नाही.

साम्याची जाणीव मात्र श्लायखरच्या पुष्कळ आधीची आहे, आणि तिचा आरंभ गोमंतकाच्या भूमीवर झाला ही गोष्ट मराठी अभ्यासकाला विसरता येण्याजोगी नाही. ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर तॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृतातील सहा, सात, आठ, नऊ हे अंक आणि देव, सर्प यांसारखे शब्द आपल्या इटालियन शब्दांशी जुळतात असे कळवले. तो १५८८ मध्ये गोव्यातच मरण पावला. पाँडिचेरीचे फ्रेंच जेसुइट पाद्री कोर्दू यांनी १७६७ मध्ये हीच गोष्ट अधिक विस्ताराने पॅरिसच्या विद्वत्सभेला कळवली. परंतु त्यांचे टिपण छापून निघेपर्यंत १८०८ साल उजाडले. तोवर श्रेय विल्यम जोन्सकडे गेलेले होते. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात त्याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एका सामाईक उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसावा, असे मत मांडले. या विधानातील मोलाचा भाग त्याच्या उत्तरार्धात आहे. संस्कृत ही इतर भाषांची आई आहे, असे जोन्सने म्हटलेले नाही. त्याने तिला बहीण ठरवले. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पुढे भारतात आणि युरोपातही पुष्कळ गैरसमज माजले.

साम्य दिसणे आणि नियम सापडणे यांत अंतर आहे. नियम प्रथम सापडला तो व्यंजनांच्या बाबतीत. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये छापलेल्या निबंधात आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत असे दाखवले, की जर्मानिक भाषांतील स्पर्श व्यंजने इतर भाषांच्या तुलनेत एका ठरावीक क्रमाने सरकलेली आहेत. संस्कृतातील ‘पाद’ इंग्रजीत ‘फूट’ होतो, म्हणजे प-चा फ आणि द-चा ट. ‘त्रयः’ या शब्दाला इंग्रजीत ‘थ्री’ येतो, ‘दश’ला ‘टेन’, ‘जन’ला ‘किन’, ‘भ्रातृ’ला ‘ब्रदर’. थोडक्यात, अघोष अल्पप्राण घर्षक झाले, घोष अल्पप्राण अघोष झाले आणि घोष महाप्राणांचे महाप्राणत्व गेले. भ, ध, घ हे उच्चार इतर शाखांनी आपापल्या परीने बदलून टाकले. ग्रीकांनी त्यांना अघोष केले, लॅटिनने शब्दारंभी बहुधा फ अथवा ह केले, स्लाव्ह आणि जर्मानिक भाषांनी त्यांतला प्राण काढून टाकला. ‘धूम’ लॅटिनमध्ये ‘फूमुस्’ झाला. घोष महाप्राण जसेच्या तसे जिभेवर राहिले ते भारतातच. मराठी माणूस ‘भाऊ’ किंवा ‘धूर’ म्हणतो तेव्हा त्या आद्य व्यंजनांचा उच्चार अजून चालूच असतो.

ग्रिमच्या नियमाला अपवाद मात्र पुष्कळ होते. कार्ल लॉटनरने १८६२ मध्ये त्यांची नीट वर्गवारी केली, आणि या वर्गवारीमुळेच पुढचा मार्ग खुला झाला. अपवादांचा एक गट असा होता. संस्कृतात ‘बन्ध्’ आणि ‘बुध्’; मग नियमाप्रमाणे जर्मानिक भाषांत आरंभी ‘प’ यायला हवा. प्रत्यक्षात इंग्रजीत ‘बाइंड’ आहे, गॉथिकमध्येही ‘ब’च आहे. जर्मानिक ‘ब’ हा मूळ ‘भ’पासून येतो. तेव्हा चूक कोणाची, जर्मानिकची की संस्कृतची?

उत्तर दिले ते हेर्मान ग्रासमानने, १८६३ मध्ये. हा गृहस्थ श्टेटीन या गावी शाळामास्तर होता आणि मुळात गणिती होता. १८४४ मध्ये त्याने लिहिलेला गणितावरचा मूलगामी ग्रंथ त्या काळात कोणी वाचला नाही, म्हणून तो संस्कृतकडे वळला असे म्हणतात; त्याचा ऋग्वेदाचा शब्दकोश (१८७३-७५) आजही वापरात आहे. ग्रासमानने दाखवले, की मूळ धातूत दोन महाप्राण होते, ‘भन्ध्’, ‘भुध्’ अशा धर्तीचे. आणि लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले तर पहिल्याचा प्राण संस्कृतात लोपतो. ग्रीकमध्येही असाच लोप झालेला आहे, पण स्वतंत्रपणे. याचा पुरावा संस्कृत व्याकरणातच पडून होता. ‘बुध्’चे भविष्यकाळी रूप ‘भोत्स्यति’ होते, ‘दुह्’चे ‘धोक्ष्यति’, आणि ‘कामदुह्’ या शब्दाची प्रथमा ‘कामधुक्’. शेवटचा महाप्राण नाहीसा झाला, की पहिला परत प्रकट होतो. पाणिनीने ही घटना अचूक टिपलेली आहे. परंपरा तिला भष्भाव म्हणते. फरक एवढाच, की पाणिनीने ‘ब’ मूळ मानून त्याला ‘भ’ आदेश सांगितला आणि ग्रासमानने ‘भ’ मूळ मानून ‘ब’ची उपपत्ती लावली. पाणिनीला ऐतिहासिक उत्पत्ती सांगायचीच नव्हती, म्हणून त्याची मांडणी सदोष ठरत नाही. पण जर्मानिकचा ‘ब’ संस्कृतच्या ‘ब’पेक्षा अधिक जुन्या स्थितीची साक्ष देतो, हे पचवणे त्या काळच्या संस्कृतज्ञांना सोपे गेले नसणार.

अपवादांचा दुसरा गट अधिक चिवट होता, आणि त्याचा उलगडा हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत रोचक भाग म्हणावा लागेल. ‘पितृ’, ‘मातृ’ आणि ‘भ्रातृ’ हे तिन्ही शब्द एकाच साच्यातले, मधले व्यंजन तिन्हींत ‘त’. तरीही जर्मनमध्ये ‘फाटर’ आणि ‘मुटर’ यांत ‘ट’ आहे व ‘ब्रूडर’मध्ये ‘ड’. गॉथिकमध्ये पाहिले तर ‘ब्रोथार’चा ‘थ’ घर्षक आहे, म्हणजे ग्रिमच्या नियमाला धरून आहे. पण ‘फादार’मध्ये ‘द’. एकाच व्यंजनाचे दोन परिणाम आणि कारण काही दिसेना. कार्ल वेर्नर हा तरुण डॅनिश अभ्यासक होता. १८७५ मध्ये त्याला कारण सापडले आणि १८७७ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. कारण जर्मनीत नव्हतेच. ते वैदिक स्वरांत होते.

ऋग्वेदात ‘भ्राता’ हा शब्द आद्युदात्त आहे. ‘पिता’ आणि ‘माता’ हे अंतोदात्त. वेर्नरने हे जर्मानिक शब्दांशेजारी ठेवून पाहिले आणि एक एक अपवाद जागच्या जागी बसू लागला. घर्षक झालेल्या व्यंजनाच्या लगेच आधीचा स्वर उदात्त असेल तर ते अघोषच राहिले. नसेल तर घोष झाले. पुढे जर्मानिक भाषांनी आघात पहिल्या अक्षरावर स्थिर केला आणि मूळ कारण पुसले गेले, परिणाम तेवढा उरला. जे कारण युरोपात नाहीसे झाले होते, ते वैदिक पाठकांच्या मुखात, अक्षराच्या खाली-वर ओढलेल्या रेषांत, शाबूत होते. ग्रीक स्वराघाताचीही साक्ष अंशतः जुळत होती. परंतु निर्णायक पुरावा वेदाचा. वेदाचा स्वर बिघडू नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असा जो खटाटोप शतकानुशतके चालला, त्याचा एक परिणाम जर्मन भाषेतील ‘ट’ आणि ‘ड’ यांचा उलगडा होण्यात व्हावा, हे कोणा घनपाठ्याच्या स्वप्नातही आले नसेल. वेर्नरचा निबंध निघाला त्याच १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने देत होते आणि संस्कृतापासून पाली-प्राकृतांतून मराठी-हिंदी-गुजरातीपर्यंतचे ध्वनिपरिवर्तन याच पद्धतीने मांडत होते.

वेर्नरच्या शोधानंतर लाइप्झिगच्या तरुण वैयाकरणांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात, असे घोषवाक्यच केले. अपवाद दिसला तर तो दुसऱ्या नियमाचा पुरावा समजायचा. ही भूमिका आग्रही खरी. पण तिच्यामुळे संस्कृतचा मोठेपणा आणि तिची मर्यादा दोन्ही लवकर उघड झाल्या. ‘क’ आणि ‘च’ यांचा प्रश्न घ्यावा. संस्कृत ‘च’ला लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे आणि ‘कः’ला ‘क्वो-’. म्हणजे लॅटिनच्या एका व्यंजनासमोर संस्कृतात दोन आहेत. ‘कृ’चे परोक्ष भूतकाळी रूप ‘चकार’; त्यात अभ्यासाच्या अक्षरात ‘च’, धातूत ‘क’, आणि दोहोंपुढे स्वर मात्र अ-आ हेच. मग ‘क’चा ‘च’ कशामुळे झाला? १८७० नंतरच्या दशकात पाच-सहा विद्वानांना स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचले: जेथे संस्कृतात ‘च’ येतो, तेथे ग्रीक-लॅटिनमध्ये पुढचा स्वर ए किंवा इ असतो. अर्थात संस्कृतातही एके काळी तेथे ‘ए’च होता, त्याने कंठ्याला तालव्य केले आणि मग स्वतः ‘अ’मध्ये विलीन झाला. ए, ओ, अ हे तीन मूळ ऱ्हस्व स्वर संस्कृतात एक झाले, ग्रीकमध्ये टिकले. मराठी भाषकाला ही प्रक्रिया समजण्यास दूर जावे लागत नाही. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’, ‘माझा’ आणि ‘माझी’ या जोड्या मोठ्याने उच्चारल्या, की पुढच्या स्वरामुळे व्यंजनाचे स्थान कसे हलते ते कानाला कळते. समजा, उद्या मराठीतले हे ‘आ’ आणि ‘ई’ एकरूप झाले, तर दोन वेगळे ‘च’ तेवढे मागे राहतील आणि त्यांचे कारण शोधावे लागेल. संस्कृतात नेमके असेच घडलेले होते. संस्कृत ही व्यंजनांची उत्तम आणि स्वरांची दुबळी साक्षीदार, हा निष्कर्ष तेव्हापासून कायम झाला. श्लायखरच्या शीर्षकातील ‘क’चे ‘क्वे’ होणे आता अटळ होते.

लॅटिनमधील ‘क्व’ हे काही क आणि व यांचे जोडाक्षर नव्हे. ओठ गोल करून उच्चारलेले ते एकच कंठ्य व्यंजन, कंठोष्ठ्य. याशिवाय साधे कंठ्य आणि ‘शतम्’मध्ये ‘श’ झालेले तालव्यप्राय कंठ्य, अशा कंठ्यांच्या तीन ओळी मानाव्या लागल्या. लॅटिनचा ‘केन्टुम्’ आणि अवेस्तीचा ‘सतेम’ यांवरून पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भाषा असे दोन गट पाडण्याची रीत होती. चिनी तुर्कस्तानात सापडलेल्या हस्तलिखितांतून १९०८ मध्ये तोखारी भाषेची ओळख पटली आणि तिच्यातील शंभराचा शब्द क-कारी निघाला. त्याबरोबर दिशांचा तो हिशेब मोडला. तीन ओळी खरोखर होत्या का, हा वाद मात्र पुष्कळ काळ चालला. १९८७ मध्ये क्रेग मेलचर्टने अनातोलियातील लुवियन भाषेत तिन्ही ओळींचे परिणाम वेगवेगळे दिसतात असे दाखवले, तेव्हापासून तीन ओळी मानणाऱ्यांची बाजू वजनदार झाली.

परंतु कंठोष्ठ्याचा खरा विजय निराळ्याच ठिकाणी झाला. अभिजात ग्रीकमध्ये हे व्यंजन नाही. तेथे ‘आणि’ला ‘ते’ म्हणतात, ‘चार’ला ‘तेत्तारेस्’. आणि ‘कोण-कोठे’च्या शब्दांत कधी ‘त’, तर कधी ‘प’. या त-प घोटाळ्यामागे एकच जुना ‘क्व’ आहे, असे पंडितांनी कागदावर ठरवून टाकले होते. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने क्रीट आणि पायलॉस येथील मृत्तिकापट्टांवरची ‘रेखालिपी ब’ वाचली आणि ती ग्रीक निघाली, होमरच्याही काही शतके आधीची. तिच्यात या व्यंजनासाठी स्वतंत्र अक्षरांची ओळच होती. ‘आणि’ या अर्थी तेथे ‘क्वे’ लिहिलेले आढळले. कार्ल ब्लेगन याला पायलॉस येथे मिळालेल्या एका पट्टावर भांड्यांची यादी आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे भांड्याचे चित्र. चार कान असलेल्या भांड्याच्या चित्राशेजारी ‘क्वे-तो-रो-वे’ अशी अक्षरे आहेत. संस्कृत ‘चत्वारः’, लॅटिन ‘क्वात्तुओर्’ आणि ग्रीक ‘तेत्तारेस्’ यांच्या मागे जे व्यंजन तारांकित करून ठेवले होते, ते इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपासच्या एका कारकुनाने मातीवर लिहून ठेवलेले होते.

सर्वांत धाडसी अनुमानाची कथा याहून जुनी आहे. १८७८ च्या अखेरीस लाइप्झिगमध्ये शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या स्विस विद्यार्थ्याने, फर्दिनां द सोस्यूरने, भारत-युरोपीय स्वरांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या युक्तिवादाचा एक धागा संस्कृतच्या गणव्यवस्थेतून जातो आणि संस्कृत शिकलेल्या कोणालाही तो पडताळून पाहता येतो. सातव्या, रुधादि गणात धातूच्या अंत्य व्यंजनाआधी ‘न’ घुसतो: ‘युज्’पासून यु-न-ज्, म्हणजे ‘युनक्ति’. पाचव्या, स्वादि गणातील ‘श्रु’ घेतला तर शृ-न-उ, म्हणजे ‘शृणोति’. येथेही ‘न’ धातूच्या शेवटल्या घटकाआधीच घुसलेला आहे. आता नवव्या, क्र्यादि गणातील ‘पू’. रूप होते ‘पुनाति’. घडण तीच असेल, तर पु-न-च्या पुढे आणखी एक घटक असला पाहिजे. तो घटक दिसत नाही. त्याच्या जागी ‘न’चा ‘ना’ झालेला तेवढा दिसतो. हाच अदृश्य घटक ‘पू’तील उ-ला दीर्घ करतो, म्हणून ‘पूत’. तो व्यंजनांमध्ये अडकला की संस्कृतात ‘इ’ होऊन बाहेर पडतो, म्हणून ‘पवितुम्’. पाणिनीय परंपरेने धातूंची सेट् आणि अनिट् अशी जी विभागणी केली आणि विद्यार्थ्यांनी पिढ्यान्पिढ्या जी मुकाट्याने पाठ केली, तिच्यामागे असे एक हरवलेले व्यंजन उभे होते. ‘पिता’ या शब्दातला ‘इ’ही याच जातीचा, म्हणून ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्या जागी ‘अ’ येतो.

सोस्यूरने या घटकांचा उच्चार काय होता ते सांगितले नाही. बीजगणितातील अक्षरांसारखी त्यांना चिन्हे दिली. हेर्मान म्योलर या दुसऱ्या डॅनिश विद्वानाने ते सेमिटिक भाषांतल्यासारखे घशातील व्यंजन असावेत, असे सुचवले आणि त्यांची संख्या तीनवर नेली. बहुतेकांना हा सारा बुद्धीचा खेळ वाटला. डोळ्यांना दिसत नाही, कोणत्याही भाषेत टिकलेले नाही, असे व्यंजन मानायचे कसे, हा आक्षेप वरकरणी सयुक्तिकच होता. सोस्यूर १९१३ मध्ये निवर्तला. अनातोलियातील बोगाझक्योय येथे हित्ती राजधानीचा मृत्तिकापट्टांचा संग्रह तोवर उघड झालेला होता, पण भाषा कळलेली नव्हती. १९१५ मध्ये बेद्रिच ह्रोझ्नी या चेक पंडिताने ती भारत-युरोपीय असल्याचे जाहीर केले. पाण्याला तीत ‘वाटर’ म्हणत. संस्कृत ‘हन्ति’च्या जागी ‘क्वेन्झि’ आणि ‘घ्नन्ति’च्या जागी ‘कुनन्झि’. ‘हन्’ धातूचा ‘ह’ मूळचा कंठोष्ठ्य, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

१९२७ मध्ये पोलंडच्या येर्झी कुरिलोविचने हित्तीतील एका खरखरीत ‘ह’काराकडे लक्ष वेधले. इतर भाषांत ज्याचा मागमूस नाही, असा हा ‘ह’ नेमक्या त्याच जागी होता जेथे सोस्यूरने अदृश्य घटक मांडला होता. संस्कृत ‘पाति’, हित्ती ‘पह्स्-’, अर्थ एकच, रक्षण करणे. ‘अस्थि’ला ‘हस्ताइ’; ‘अन्ति’ला, म्हणजे जवळ वा समोर या अर्थाच्या शब्दाला, ‘हन्ति’. तीन घटकांपैकी पहिल्याची खूण हित्तीतही राहिलेली नाही, तिसऱ्याबद्दल मतभेद आहेत; तरी मूळ कल्पना खरी ठरली. मग जुन्याच ग्रंथांत नव्या खुणा दिसू लागल्या. ऋग्वेदात ‘वात’ हा शब्द काही ठिकाणी छंदासाठी तीन अक्षरी वाचावा लागतो, हे पाठ-संशोधकांना ठाऊक होते. मधल्या नाहीशा झालेल्या व्यंजनाने सोडलेली ती फट होती. मेंढीचा ‘अवि’ही यातून सुटला नाही. लुवियन भाषेत तो ‘हावि’ असा ह-कारादी आहे, त्यामुळे श्लायखरच्या कथेतील पहिल्याच शब्दाला आरंभी एक कंठ्य घर्षक जोडावा लागला.

या यशातूनच पुढची अडचण निर्माण झाली. संस्कृतात चार ओळी आहेत: त, थ, द, ध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे ग्रंथ आद्य भाषेतही या चारही ओळी मांडत. परंतु ‘पृथिवी’, ‘तिष्ठति’, ‘पन्थाः’ अशा शब्दांतला ‘थ’ हा ‘त’ आणि लुप्त घशातले व्यंजन यांच्या संयोगाने झाला आहे, असे दिसून येताच ‘थ’ची ओळ बहुतेकांनी काढून टाकली. उरले त, द, ध. १९५७ मध्ये ओस्लो येथील भाषाशास्त्र परिषदेत रोमान याकोब्सनने प्रश्न केला: घोष महाप्राण आहेत पण अघोष महाप्राण नाहीत, अशी भाषा जगात आहे कोठे? तुलनेने मिळालेली व्यवस्था कोणाही माणसाच्या तोंडी बसत नसेल, तर तिला भाषा कसे म्हणावे? दुसऱ्याही काही विसंगती होत्या. आद्य भाषेत ‘ब’ जवळजवळ नाहीच. ‘बल’सारखे थोडे शब्द पुढे केले जातात आणि त्यांवरही वाद आहे. वास्तविक घोष स्पर्शांत ओष्ठ्य हा उच्चारायला सर्वांत सुलभ. शिवाय ‘द’ आणि ‘ग’सारखे दोन साधे घोष एकाच धातूत कधी येत नाहीत.

१९७२-७३ च्या सुमारास तमाझ गामक्रेलिद्झे आणि व्याचेस्लाव इवानोव यांनी सोव्हिएत संघात आणि पॉल हॉपरने अमेरिकेत स्वतंत्रपणे सुचवले, की ज्याला ‘द’ म्हटले जाते तो घोष नव्हताच. कंठद्वार मिटून फेकलेला तो एक अघोष स्पर्श होता, काहीसा ‘त’सारखा. जगातील ज्या भाषांत अशी व्यंजने आहेत, त्यांत ओष्ठ्याचीच जागा अनेकदा रिकामी असते, म्हणून ‘ब’चा अभाव नैसर्गिक ठरतो. गामक्रेलिद्झे जॉर्जियाचे, त्यांच्या मातृभाषेत ही व्यंजने आहेत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण. १९८४ मध्ये तिबिलिसीहून निघालेल्या त्या दोघांच्या द्विखंडी ग्रंथाने मोठी खळबळ उडवली. कारण ही उपपत्ती खरी मानली तर ग्रिमचा नियम जवळजवळ उलटा होतो. जर्मानिक आणि आर्मेनियन यांनी फारसे काही बदललेले नाही, आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांनीच ‘द’ला घोष केले, असे म्हणावे लागते. ज्या व्यंजनव्यवस्थेच्या आधाराने हे शास्त्र उभे राहिले, तिचेच मूळपण त्यामुळे जाते.

लाइडनचे फ्रेडरिक कोर्टलांट यांनी या बाजूने भारतातला पुरावा पुढे आणला. सिंधीत ग, ज, ड, ब यांचे एक निराळे, श्वास आत ओढून केलेले उच्चार आहेत. फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरात ते महाराष्ट्रातही ऐकू येतात. कोर्टलांट यांना त्यांत आद्य कंठद्वारी उच्चाराचा अवशेष दिसला. परंतु राल्फ टर्नरने १९२४ मध्येच या व्यंजनांचा इतिहास प्राकृतातील शब्दारंभीच्या आणि द्वित्त घोषांपर्यंत नेऊन दाखवला होता. त्यांचे अस्तित्व सिंधीच्या स्वतःच्या वाटचालीतून समजते आणि पाच हजार वर्षे मागे जाण्याचे कारण उरत नाही. टर्नरची बाजू अधिक भक्कम वाटते. याकोब्सनच्या प्रश्नालाही बोर्निओतील केलाबित भाषेकडे बोट दाखवून उत्तर दिले गेले आहे. आज बहुतेक पाठ्यग्रंथ त, द, ध ही जुनीच मांडणी छापतात. ‘द’चा उच्चार त्याआधीच्या एखाद्या अवस्थेत निराळा असू शकेल, एवढे मात्र अनेकांना मान्य आहे.

या वादात हित्ती पट्टांचा उपयोग होईल अशी अपेक्षा साहजिक होती. एडगर स्टर्टव्हंटने १९३२ मध्ये दाखवले, की दोन स्वरांमधील मूळ ‘त’ हित्ती लेखनिक दुहेरी लिहितात आणि मूळ ‘द’ व ‘ध’ हे दोन्ही एकेरी. क्यूनिफॉर्म लिपीत घोष आणि अघोष यांची वेगळी चिन्हे पुष्कळ ठिकाणी उपलब्ध होती. परंतु हत्तुशाच्या लेखनिकांनी ती हा भेद दाखवण्यासाठी वापरली नाहीत. ‘त’ इतर दोहोंहून वेगळा होता, एवढे त्यांच्या लेखनातून कळते. ‘द’ आणि ‘ध’ यांच्यात काय वेगळे होते, ते त्यांत लिहिलेले नाही.